भाच्याच्या जीन रिपोर्टमधे ‘व्हीयूएस’ आलंय, आता रक्तातले बायोमार्कर करायला सांगितलेत. हे नक्की काय असतं?

सांगलीची_आत्या

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, सांभाळून घ्या. माझा भाचा, वय १३. गेली काही वर्षं त्याचं अक्षर बिघडत चाललंय, वहीत ओळ सोडून लिहितो, गणितात हुशार होता तो आता पाढे अडखळत म्हणतो. आधी सगळ्यांनी मोबाइलवर खापर फोडलं, मग अभ्यास नको म्हणून सोंग करतोय असं झालं. मग जिना उतरताना धडपडायला लागला, म्हणजे चढताना काही नाही, उतरतानाच. आणि एक विचित्र गोष्ट, जोरात हसला की गुडघ्यातून मोडल्यासारखा खाली बसतो. शुद्धीत असतो, लगेच उठतोसुद्धा. घरात सगळे नाटकी म्हणायचे त्याला, आता आठवलं की कसंतरी होतं.

न्यूरोलॉजिस्टना दाखवलं. एमआरआयमधे फारसं काही नाही म्हणाले, सोनोग्राफीत प्लीहा थोडी मोठी. वहिनीला विचारलं तर म्हणाली जन्मल्यावर कावीळ बरेच आठवडे उतरलीच नव्हती. डॉक्टरांनी त्याला मान न हलवता नुसतं वर-खाली बघायला लावलं, त्याला खाली बघताच येईना, आणि तिथेच त्यांचा चेहरा बदलला. एक्झोम टेस्ट केली, म्हणजे सगळे जीन एकदम वाचतात ती (पैसे विचारू नका). रिपोर्टमधे एनपीसी१ नावाच्या जीनमधे बदल सापडला, दोन्ही प्रतींमधे तोच, पण पुढे लिहिलंय व्हीयूएस, म्हणजे या बदलाचा अर्थ नक्की सांगता येत नाही. वहिनी आमच्या मामाचीच मुलगी आहे, तेही डॉक्टरांनी मुद्दाम विचारून लिहून घेतलं. आता निमन-पिक टाइप सी (एनपीसी) या आजाराचा संशय आहे आणि रक्तातले ऑक्सिस्टेरॉल व लायसो-एसएम-५०९ करून या म्हणालेत.

माझा साधा प्रश्न, अख्खे जीन वाचूनही जे कळलं नाही ते रक्ताच्या एका नळीतून कसं कळणार? दुसरं म्हणजे भावाच्या मित्राने व्हॉट्सॅपवर पाठवलंय की न्यूरोफिलामेंट नावाची नवीन टेस्ट आलीये, मेंदूचा कुठलाही आजार त्यात पकडला जातो, मग थेट तीच का करू नये? आणि धाकटी भाची म्हणजे त्याची बहीण, सहा वर्षांची आहे, एकदम ठणठणीत. तिचंही रक्त आत्ताच द्यायचं का? भाऊ-वहिनी काही वाचण्याच्या मनस्थितीत नाहीत म्हणून मीच विचारतेय.


पिपेटवाला

आत्या, मी डॉक्टर नाही. पुण्यात एका लॅबमधे मेटाबॉलिक टेस्टिंगला आहे, मास स्पेक्ट्रोमीटरसमोर बसून केस पांढरे झाले. निदान तुमच्या डॉक्टरांनीच करायचं, मी फक्त नळीत काय चालतं ते सांगतो.

जीनचा रिपोर्ट एवढंच सांगतो की अमुक ठिकाणी एक अक्षर बदललंय. त्या बदलामुळे प्रोटीन खरंच निकामी होतं का, हे तेव्हाच छातीठोकपणे म्हणता येतं जेव्हा तोच बदल आधी पेशंटमधे नोंदलेला असतो किंवा प्रयोगशाळेत तपासलेला असतो. जगातल्या डेटाबेसमधे आपल्या लोकांची माहिती युरोपियन लोकांच्या मानाने तुटपुंजी, म्हणून आपल्याकडे व्हीयूएसचा शिक्का फार वेळा बसतो. रक्तातला बायोमार्कर उलट्या बाजूने येतो. तो जीनकडे बघतच नाही, जीन बिघडल्यावर शरीरात जे साठतं ते थेट मोजतो. म्हणून दोन्ही एकत्र ठेवले की निकाल लागतो, आणि तुमच्या डॉक्टरांनी अगदी बरोबर पुढची पायरी सांगितलीये.

आता एनपीसीत काय साठतं ते. पेशीच्या आत लायसोसोम म्हणून जागा असते, बाहेरून आलेलं कोलेस्टेरॉल तिथे सुटं होतं. एनपीसी२ प्रोटीन ते उचलून एनपीसी१ च्या हातात देतं आणि एनपीसी१ ते लायसोसोमच्या बाहेर काढतं. दोघांपैकी एकाने काम सोडलं की कोलेस्टेरॉल आतच अडकून पडतं. साधारण ९५ टक्के पेशंटमधे दोष एनपीसी१ चा असतो. हे अडकलेलं कोलेस्टेरॉल हळूहळू ऑक्सिडाइज होतं आणि त्यातून कोलेस्टेन-ट्रायॉल आणि ७-कीटोकोलेस्टेरॉल असे पदार्थ तयार होऊन रक्तात उतरतात, हेच तुमचे ऑक्सिस्टेरॉल. २०१० च्या सुमारास हे मोजून एनपीसी ओळखता येतो असं पुढे आलं आणि चित्रच पालटलं. त्याआधी कातडीचा तुकडा काढा, त्यातल्या पेशी कल्चरमधे वाढवा, मग फिलिपिन नावाच्या रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघा, यात कित्येक आठवडे जायचे आणि काही पेशंटमधे तरीही ‘थोडंसं पॉझिटिव्ह’ असलं अर्धवट उत्तर यायचं. फिलिपिन अजून मेलेलं नाही, गोंधळ झाला की आजही त्याच्याकडेच जावं लागतं, पण पहिली पायरी आता रक्त.

लायसो-एसएम-५०९ ची गंमत अशी की त्याला हे नाव पडलं तेव्हा तो रेणू नेमका कोणता तेच कळलेलं नव्हतं, वजन ५०९ एवढंच ठाऊक. २०१९ मधे रचना सापडली तेव्हा कळलं की नावाला साजेसं त्यात काही नाही, आता त्याला पीपीसीएस म्हणतात. काही लॅबच्या फॉर्मवर जुनं नाव असतं, काहींवर नवं, घाबरू नका, वस्तू एकच.

एक सांगून ठेवतो कारण हमखास विचारलं जातं. लिपिड प्रोफाइलमधल्या कोलेस्टेरॉलचा इथे काही उपयोग नाही. ते नॉर्मल आलं म्हणून एनपीसी नाही असं होत नाही. आणि पोराचं तूप, अंडी बंद करू नका, अडकलेलं कोलेस्टेरॉल त्याने सुटत नाही.

न्यूरोफिलामेंटबद्दल रात्री लिहितो, मशीनवर नमुने लावायचेत.


शतावरी९

ताई एवढ्या टेस्ट करत बसण्यापेक्षा स्टेमसेल थेरपी बघा, आमच्या ओळखीत एका मुलाला खूप फरक पडला. पत्ता हवा असेल तर व्यनि करा.


काउन्सेलर_ताई

शतावरी९, कृपया हे इथे नको. एनपीसीसाठी स्टेमसेल ही मान्य उपचारपद्धत नाही. रक्ताचे ठराविक आजार वगैरे जी बोनमॅरो ट्रान्सप्लांटची मान्य यादी आहे ती सोडून बाकी सगळं फक्त नोंदणी झालेल्या क्लिनिकल ट्रायलमधेच करायचं आणि ट्रायलमधे पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत, असं आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे. घाबरलेल्या आईबापांना लाखो रुपयांचं पॅकेज विकणारे लोक मी बघितलेत, त्यामुळे जरा तिखट लिहितेय, राग मानू नका.

आत्या, मी जेनेटिक काउन्सेलिंगचं काम करते. पिपेटवाल्यांनी छान सांगितलंय, मी घरातल्या माणसांच्या बाजूने बोलते.

मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे रीतीतच आहे, त्यात भाऊ-वहिनीने अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही, हे त्यांना तुमच्या तोंडून सांगा, कारण दवाखान्यात तो प्रश्न विचारला गेला की घरी जाऊन त्यावरून रडारड होते. एनपीसी हा ऑटोसोमल रिसेसिव्ह आजार आहे, म्हणजे आईची आणि वडिलांची अशा दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. नात्यातल्या लग्नात एकाच पूर्वजाकडून आलेला तोच बदल दोघांकडे असण्याची शक्यता वाढते, म्हणूनच डॉक्टरांनी लिहून घेतलं. नात्याबाहेर लग्न केलेल्यांच्या घरीही हा आजार येतो. एकूण प्रमाण साधारण लाख जन्मांमागे एक, तेव्हा गावात दुसरं कोणी सापडणार नाही.

भाऊ आणि वहिनी दोघांचीही त्या एकाच बदलासाठी टेस्ट करून घ्या. तुम्हाला वाटेल, मुलात दोन्ही प्रतींत आहे म्हणजे दोघांकडे असणारच. बहुतेकदा असतोच. पण कधी कधी एका बाजूने बदल आलेला असतो आणि दुसऱ्या बाजूचा तो तुकडाच गायब असतो, मशीनला मात्र ‘दोन्हीकडे सारखंच’ दिसतं. हे पुढच्या गरोदरपणाच्या वेळी महागात पडू शकतं. पूर्ण एक्झोम लागत नाही, एकाच जागेची सँगर टेस्ट होते, स्वस्त पडते.

धाकटीचं विचाराल तर चार शक्यतांत एक की तिलाही आजार असेल, दोन की ती नुसती कॅरियर (एकच प्रत बिघडलेली, स्वतःला आजार नाही), एक की काहीच नाही. पण तिचं रक्त आत्ता या गडबडीत देऊ नका. आधी भाच्याचा बायोमार्कर येऊ दे. तो स्पष्ट वाढलेला आला की तो व्हीयूएस आजाराचाच मानायला भक्कम आधार मिळतो, मग छोटीची त्याच बदलासाठी जीन टेस्ट करा. ती कॅरियर आहे का हे बायोमार्करवरून शोधायला जाऊ नका, कॅरियर लोकांत ऑक्सिस्टेरॉल किंचित वर असू शकतं आणि मग तो आकडा ना इकडचा ना तिकडचा. फक्त ‘ठणठणीत आहे, बघू पुढे’ असं म्हणून वर्षानुवर्षं टाळूही नका, कारण या आजारात औषध आहे आणि ते लवकर सुरू झालेलं बरं.


निमाची_डायरी

धागा वाचून अंगावर काटा आला. आमच्या घरातली गोष्ट वेगळ्या आजाराची आहे पण सांगते, कारण आमचं सगळं निदान शेवटी रक्तातल्या एका आकड्यावरून झालं.

माझ्या मोठ्या बहिणीला लहानपणापासून जुलाब. आई म्हणायची हिचं पोटच हलकं. शाळेत असतानाच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एवढ्या लहान वयात का हे कोणी विचारलं नाही, ऑपरेशन केलं, चष्मा लागला, विषय संपला. पुढे टाचेच्या मागच्या जाड शिरेवर (टेंडनवर) गाठ आली, हाडाच्या डॉक्टरांनी काढली, पुन्हा आली. तिशीनंतर चालताना तोल जायला लागला, बोलणं जड झालं, चिडचिड वाढली, तर मानसोपचाराच्या गोळ्या सुरू झाल्या. पोटाचे डॉक्टर वेगळे, डोळ्यांचे वेगळे, हाडांचे वेगळे आणि प्रत्येकाची फाइलही वेगळी. एका तरुण न्यूरोलॉजिस्टने सगळ्या फाइली एका टेबलावर मांडायला लावल्या आणि कोलेस्टॅनॉल (कोलेस्टेरॉलचाच भाऊबंद) नावाची रक्ताची टेस्ट सांगितली. प्रचंड वाढलेलं आलं. सेरेब्रोटेंडिनस झँथोमॅटोसिस, सीटीएक्स. सीवायपी२७ए१ जीन. यकृताला पित्तरस नीट बनवता येत नाही म्हणून हा कोलेस्टॅनॉल मेंदूत, डोळ्यात, टेंडनमधे जाऊन बसतो. आणि यावर औषध आहे हो! चीनोडीऑक्सिकोलिक ॲसिड, खूप जुनं औषध, पित्ताचे खडे विरघळवायला वापरायचे. ते सुरू केल्यावर आकडा खाली आला, जुलाब थांबले. गेलेलं चालणं मात्र परत आलं नाही पूर्ण. अमेरिकेत सीटीएक्ससाठी म्हणून त्याला रीतसर मान्यता २०२५ मधे मिळाली असं वाचलं.

सांगायचा मुद्दा, आत्या, जन्मापासूनच्या सगळ्या बारीकसारीक गोष्टी एका कागदावर लिहून न्या. ती जन्मानंतरची कावीळ तुमच्या वहिनीला आठवली हे फार मोठं काम झालं.


पिपेटवाला

निमाताई, +१००. आणि तुमच्या पोस्टवरून एक जोडतो, जे आत्यांच्या डॉक्टरांनी बहुधा केलंच असेल. अशा वयात चाल, बोलणं, अक्षर बिघडलं की काही स्वस्त टेस्ट आधीच उरकलेल्या असाव्यात. सेरुलोप्लाझमिन, विल्सनसाठी, म्हणजे अंगात तांबं साठतं तो आजार. तालुक्याच्या ठिकाणीही रक्त घेऊन पाठवतात, आणि विल्सनला पेनिसिलामाइन, झिंक अशी चांगली औषधं आहेत. (सेरुलोप्लाझमिन अंगात दुसरी सूज असली तर खोटं नॉर्मल दिसू शकतं, म्हणून २४ तासांच्या लघवीतलं तांबं आणि डोळ्याच्या बुबुळाभोवतीचं तांब्याचं कडं, केएफ रिंग, तीपण बघतात.) व्हिटॅमिन ई ची पातळी, कारण टीटीपीए जीनमुळे होणारा एक ॲटॅक्सिया (तोल जाण्याचा आजार) चक्क व्हिटॅमिन ई देऊन थांबवता येतो. अल्फा फिटोप्रोटीन, जे सगळ्यांना कॅन्सरची टेस्ट म्हणून माहितीये, ते ॲटॅक्सिया टेलँजिएक्टेशियात वाढलेलं असतं. यातल्या एकालाही न्यूरोफिलामेंटसारखं ग्लॅमर नाही, पण यातून एखादं पोर खरंच वाचतं.

आता न्यूरोफिलामेंट लाइट, एनएफएल. मेंदूतल्या चेतापेशींच्या लांब तारा असतात ना, ॲक्सॉन, त्यांच्या आतला हा सांगाडा. तार तुटली की हे प्रोटीन आधी पाठीच्या पाण्यात आणि मग अगदी थोडं रक्तात येतं. पूर्वी रक्तातलं मोजताच यायचं नाही एवढं कमी, सिमोआसारखी अतिसंवेदनशील मशिन्स आली तेव्हा जमायला लागलं. पण ते काय सांगतं? ताप मोजल्यासारखं आहे. थर्मामीटरवर १०३ दिसला, माणूस आजारी आहे हे पक्कं, पण मलेरिया की डेंगी की टायफॉइड? एनएफएल एनपीसीत वाढतं, हंटिंग्टन या मेंदू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजारात वाढतं, एएलएसमधे (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरतात तो आजार) तर भरपूर, एमएसमधे, स्ट्रोकनंतर, डोक्याला मार लागला तर, हातापायांच्या नसा खराब झाल्या तरी वाढतं. वयानुसार आपोआप वाढत जातं, किडनी नीट नसली तर वाढलेलं दिसतं. त्यामुळे ‘कुठलाही आजार पकडला जातो’ हे व्हॉट्सॅपवाक्य अर्धंच खरं, नुकसान पकडलं जातं, आजाराचं नाव नाही.

त्याचा उपयोग कुठे होतो, तर जिथे प्रश्न असतो की हा मानसिक आजार आहे की मेंदूच झिजतोय. मोठ्या वयात सुरू होणारा एनपीसी पुष्कळदा भास-भ्रम घेऊन येतो आणि लोक वर्षानुवर्षं स्किझोफ्रेनियाच्या उपचारांवर राहतात. तिथे वाढलेलं एनएफएल डॉक्टरला सावध करतं. तुमच्या भाच्याच्या बाबतीत मेंदूवर परिणाम होतोय हे तपासणीतच दिसलंय, वेगळा आकडा काय सांगणार? पैसे वाचवा.


गोदाकाठ

माफ करा, धागा भरकटवतोय पण याच विषयावर कुठे विचारायचं कळत नव्हतं. माझ्या वडिलांना हंटिंग्टन आहे, निदान बंगळूरच्या निम्हान्सला झालं. मी ३१, लग्नाचं बघतायत घरी. मला जीन टेस्ट करायची भीती वाटते, एकदा कळलं की ते न कळलेलं करता येत नाही. मग असं नाही का होऊ शकत की मी हे एनएफएल दर वर्षी करत राहायचं, जोवर नॉर्मल तोवर बिनधास्त?


काउन्सेलर_ताई

गोदाकाठ, माफी कसली. हा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो आणि त्यात सुरुवातीला तर्कही वाटतो. पण तो दोन्ही बाजूंनी फसतो. हंटिंग्टनचा जीन असलेल्या लोकांचा मोठा गट घेतला तर लक्षणं दिसायच्या बरीच वर्षं आधी एनएफएल वर सरकायला लागलेलं दिसतं, हे खरं आहे आणि २०१७ पासून त्यावर भरपूर काम झालंय. गटाचं हे सरासरी चित्र एका माणसाला लावता येत नाही. तुमचं आज नॉर्मल आलं तर जीन नाही असं सिद्ध होत नाही, फक्त अजून वेळ आहे एवढंच असू शकतं. आणि क्रिकेट खेळताना डोक्याला चेंडू लागला नि आकडा वाढला तर तुम्ही सहा महिने झोपणार नाही. म्हणजे अर्धवट जीन टेस्ट केल्यासारखंच होतं, पण तिच्यासाठी जी मानसिक तयारी करून घेतात ती न करता.

ठाम उत्तर फक्त सीएजी रिपीट मोजूनच मिळतं, म्हणजे जीनमधे सीएजी ही तीन अक्षरं लागोपाठ किती वेळा आलीत ते. ४० किंवा जास्त असतील तर आजार आयुष्यात कधीतरी येतो, ३६ ते ३९ मधे येईलही किंवा नाहीही, आणि तुमच्याकडे तो बदल असण्याची शक्यता निम्मी. ही टेस्ट घाईत करायची नसते, आधी काउन्सेलिंगच्या बैठका, मग विचाराला वेळ, रक्त दिल्यावरही ‘रिझल्ट सांगू नका’ म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. घरच्यांच्या दबावाखाली करू नका, आणि स्थळाकडच्यांनी मागितलं म्हणून तर अजिबात नको. आणि हो, कोणी साधी एक्झोम टेस्ट करून ‘हंटिंग्टन नाही’ म्हणालं तर विश्वास ठेवू नका, असे रिपीट वाढणारे आजार साध्या एक्झोममधे नीट दिसत नाहीत. फ्रीड्रिक ॲटॅक्सियाचंही तसंच, तिथे जीएए रिपीट असतात. व्यनि करा, सविस्तर बोलू.


अटलांटिकपार

मी बोस्टनजवळ एका छोट्या बायोटेकमधे आहे, एनपीसीवर काम करत नाही, पण रेअर डिसीजवाल्यांत उठबस असते. पिपेटवाल्यांनी एनएफएलची जरा जास्तच उतरवली असं मला वाटतं :) निदानासाठी ते कमजोर आहे, मान्य. पण औषध काम करतंय का हे बघायला त्याच्यासारखं दुसरं काही सध्या हाताशी नाही. एसओडी१ जीनमुळे होणाऱ्या एएलएसचं टोफर्सन हे औषध अमेरिकेच्या एफडीएने एप्रिल २०२३ मधे ॲक्सिलरेटेड पद्धतीने (पूर्ण पुरावा यायच्या आधीच) मंजूर केलं ते रक्तातलं एनएफएल खाली आलं याच्या जोरावर. ट्रायलच्या मुख्य मोजमापात, म्हणजे पेशंटच्या कामकाजाच्या स्कोअरमधे, फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नव्हता, तरी! दुर्मिळ आजारात पेशंट मूठभर, आजार संथ, मग दहा वर्षं थांबायला कोणाकडे वेळ आहे? तिथे असा आकडा सोन्याच्या भावाचा.

आत्या, तुम्हाला जास्त उपयोगी बातमी. एनपीसीसाठी बरीच वर्षं एकच औषध होतं, मिग्लुस्टॅट, युरोपात २००९ पासून. आजार बरा करत नाही, चाल मंदावते. त्याने जुलाब होतात, वजन उतरतं, दूध-साखरेचं प्रमाण सांभाळावं लागतं. सप्टेंबर २०२४ मधे एफडीएने एकाच आठवड्यात दोन औषधं मंजूर केली, अरिमोक्लोमॉल, जे मिग्लुस्टॅटबरोबर द्यायचं, आणि लेव्हॅसिटिललूसिन. दुसऱ्याची ट्रायल बारा आठवड्यांचीच होती पण चालणं-बोलणं-तोल यात फरक दिसला. किमती मात्र अमेरिकन आहेत, ऐकून चक्कर येईल अशा.


काउन्सेलर_ताई

किमतीचं निघालंच आहे म्हणून. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात सेंटर ऑफ एक्सलन्स म्हणून काही हॉस्पिटलं नेमलीत, महाराष्ट्रात मुंबईचं केईएम आहे. धोरणात बसणाऱ्या आजारांच्या पेशंटला त्या सेंटरमार्फत ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. सांगलीहून जाणं त्रासाचं आहे खरं, पण निदान पक्कं झालेला कागद हातात घेऊन तिथे नोंदणी करून घ्या आणि त्यांनाच विचारा की या आजारासाठी आज काय मिळू शकतं. बघा, इथेही तोच मुद्दा येतो. ‘व्हीयूएस’ लिहिलेल्या कागदावर कोणी औषधाची शिफारस करायला धजत नाही, त्यासाठी बायोमार्कर हवाच.


सांगलीची_आत्या

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, भावाला अर्धं वाचून दाखवलं, पहिल्यांदा त्याने काही प्रश्न विचारले. सेरुलोप्लाझमिन नॉर्मल आहे, फाइलमधे सापडलं. केएफ रिंग नाही असंही लिहिलंय. वहिनीला ते अपराधी न वाटण्याचं सांगितलं, बोलली काही नाही पण जेवली नीट.

आता शेवटचं. इथली लॅब म्हणते रक्त आम्ही काढू आणि बाहेर पाठवू. उपाशीपोटी लागतं का? आणि यात चूक होऊ शकते का, म्हणजे चुकून पॉझिटिव्ह वगैरे?


पिपेटवाला

(अटलांटिकपार, मान्य, औषधांच्या बाबतीत तुमचं बरोबर.)

आत्या, चूक होऊ शकते आणि ती बऱ्याचदा आमच्या मशीनवर व्हायच्या आधीच झालेली असते. ऑक्सिस्टेरॉल हे हवेशी संबंध आला की नळीतच तयार होऊ शकतं, नमुना नीट थंड ठेवला नाही, उशीर झाला, रक्तपेशी फुटून प्लाझ्मा (पेशी काढल्यावर उरणारं रक्ताचं पाणी) लालसर झाला, की आकडा फुगतो. पीपीसीएस त्या मानाने टिकाऊ आहे, म्हणून दोन्ही एकदम मागवलेत ते चांगलंच.

दुसरी गफलत खऱ्या आजारांचीच. ऑक्सिस्टेरॉल फक्त एनपीसीत वाढतं असं नाही. निमन-पिक ए आणि बी मधे वाढतं (नाव सारखं असलं तरी तो वेगळाच आजार, स्फिंगोमायलिनेज एन्झाइमचा), वोलमनमधे वाढतं, निमाताईंच्या सीटीएक्समधेही वाढू शकतं. प्लीहा मोठी आहे म्हणून स्फिंगोमायलिनेज एन्झाइमची टेस्ट त्याच रक्तात करता येईल का ते डॉक्टरांना विचारा. कुठे कायटोट्रायोसिडेज नावाची टेस्ट सुचवली तर तिच्यावर भिस्त ठेवू नका, एनपीसीत ती कधी थोडी वाढते कधी नाही, आणि धडधाकट माणसांतही काही जणांत ते एन्झाइम जन्मतःच नसतं. असले सापळे या क्षेत्रात जागोजागी. मेटाक्रोमॅटिक ल्यूकोडिस्ट्रॉफीत एन्झाइम कमी आलं म्हणून आईबाप हादरतात आणि ती निघते नुसती स्यूडोडेफिशियन्सी, म्हणजे आकडा कमी पण आजार नाही, पोर धडधाकट. उलट एक्स-लिंक्ड एएलडी या दुसऱ्या आनुवंशिक आजाराच्या कॅरियर बायकांत रक्तातले अतिलांब साखळीचे फॅटी ॲसिड काही जणींत नॉर्मल येतात आणि त्या निर्धास्त होतात. म्हणून एकट्या आकड्यावर कोणाचंच ऐकू नका, माझंही. लक्षणं, जीन आणि रक्त, तिन्ही एका दिशेला बोट दाखवतायत का ते तुमचे डॉक्टर बघतील. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून ते इतके मागे का लागलेत ते कळतंय.

उपाशीपोटी लागतं का आणि नळी कोणती, हे ज्या लॅबमधे शेवटी टेस्ट होणार तिच्या फॉर्मवर बघून करा, सांगलीतल्या कलेक्शनवाल्याच्या आठवणीवर सोडू नका. साधारणपणे बायोमार्करला जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीतलं रक्त, त्याचा प्लाझ्मा लगेच वेगळा करून थंडीत पाठवतात. एन्झाइम टेस्टला मात्र पांढऱ्या पेशी जिवंत लागतात, ते रक्त गोठवायचं नसतं आणि एक-दोन दिवसांत पोचायला हवं. दोन नळ्या एकाच बर्फाच्या डब्यात कोंबून पाठवल्या की एक वाया गेलीच म्हणून समजा, हे मी दर महिन्याला बघतो. फॉर्मवर ‘हसताना पडणं, खाली बघता न येणं, प्लीहा मोठी, जन्मानंतरची लांबलेली कावीळ, एनपीसी१ व्हीयूएस’ एवढं जरूर लिहायला लावा, नुसतं ‘डेव्हलपमेंटल डिले’ नको, रिपोर्ट लिहिणाऱ्याला फार फरक पडतो. आणि रक्त सोमवार-मंगळवारी द्या. शुक्रवारी काढलेलं कुरिअरच्या गोडाऊनमधे रविवार काढतं.